हरण्याचं दावं

एप्रिल २०२५ मध्ये माझी सुपारी फुटली, साखरपुडा पंधरा दिवसांवर आला, आणि त्याच महिन्यात सोनं तोळ्याला लाखाला भिडलं. डाळिंबावर तेल्या रोग आलेला, सोसायटीचे हप्ते थकलेले. तिच्या घरच्यांनी काहीच मागितलं नव्हतं. पण उसनवारीची अंगठी तिच्या बोटात घालणं मला पटेना. दावणीला विकण्याजोगा एकच जीव होता, हरण्या.

काजळी खिलार जातीचा बैल, घरच्या गायीचा. जन्मला २०२२ च्या सप्टेंबरात, लम्पी ऐन भरात असताना. गाय दहा दिवसांत गेली. आईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. आदतच्या, म्हणजे पक्के दात न आलेल्या बैलांच्या, शर्यतीच्या मैदानात दोनदा गट पास झाला, म्हणजे पहिली फेरी जिंकला, एकदा सेमीपर्यंत गेला. त्या दिवशी आबा गुलाल धुवायला तयार नव्हते.

रविवारी पहाटे चारला टेम्पोत चढवून सांगोल्याचा बाजार गाठला. गिऱ्हाइकांनी आधी कानातला बारा आकडी ओळखीचा बिल्ला बघितला, मग तोंड उघडून दात. पक्के दोन आलेले, म्हणजे दुसा. मग खूर, भोवरे, चाल. एका हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यानं, भाव ठरवायला उपरण्याखाली माझा हात धरला. मला ती बोटांची बोली येत नाही, आबांनी स्वतःचा हात पुढे केला. आणि मी तिथं बोलून गेलो, "साखरपुडा आहे, आजच द्यायचाय." भाव पाच हजारांनी खाली आला. बाजारात जाणाऱ्यांनो, आपली नड कुणाला सांगू नका.

उन्हं चढेपर्यंत थांबलो. शेवटी हेडी पंच्याण्णव हजारांवर आला. आटपाडीकडच्या एका गाडीवानानं ब्याण्णव लावले. त्याला मैदानात पळवायला हवा होता. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मी गाडीवानाकडं. तीन हजार सोडले, त्याचं आजही वाईट वाटत नाही. पावती झाली. त्यानं आणलेलं नवं दावं बांधलं, जुनं मी सोडून पिशवीत घातलं. आईनं तेवढंच बजावलं होतं, दावं परत आण.

सोमवारी सोनाराकडं. सहा ग्रॅमची अंगठी, आत २२के९१६ हा शुद्धतेचा शिक्का आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा हॉलमार्क नंबर. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला, मगच पैसे काढले. घडणावळ अठरा टक्के सांगितली होती, बाराला तुटली. वर तीन टक्के जीएसटी. बासष्ट हजारांच्या वर गेलं, उरलेल्यात सोसायटीचा हप्ता भरला.

साखरपुडा आमच्याच दारात झाला. गर्दी पांगल्यावर ती गोठ्याकडं गेली. बघायला आली होती तेव्हा तिनं हरण्याच्या वशिंडावर हात फिरवला होता. "कुठंय तो?" मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ खुंटीवरच्या दाव्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांचा नंबर द्या मला."

आता मैदान ठरलं की गाडीवानाचा फोन तिलाच येतो. आम्ही दोघं जातो. लांबून हाक मारली तरी हरण्या कान टवकारतो.