मुस्तफा परत येणार की पळणार?

मी एका निरीक्षणगृहात समुपदेशक आहे, म्हणजे ज्या पोरांची केस बाल न्याय मंडळापुढे चालू आहे ती आमच्याकडे असतात. सुट्टीच्या दिवशी त्यांना सिनेमा दाखवतात, बहुतेक मारधाडीचाच. यावेळी मी हट्टाने १९३१ चा रशियन 'पुत्योव्का व झीझ्न' लावला. दिग्दर्शक निकोलाय एक (Ekk), सोव्हिएत रशियातला पहिला कथा-बोलपट. भाषा कुणालाच कळणार नव्हती, म्हणून मध्येमध्ये पॉज करून मी गोष्ट सांगत होते.

गोष्ट १९२३ ची. महायुद्ध, मग यादवी, वर दुष्काळ, त्यात लाखो पोरं रस्त्यावर आलेली. मुस्तफा टोळीचा म्होरक्या, तो एका बाईच्या फरच्या कोटाचा पाठीमागून तुकडाच कापून घेतो तेव्हा आमची पोरं जाम खूश. मग सर्गेयेव नावाचा अधिकारी या पोरांना म्हणतो, कम्यूनमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून राहायच्या-काम करायच्या वसाहतीत चला, पहारा नाही, चांभारकाम सुतारकाम शिका. आणि स्टेशनवर चक्क मुस्तफाच्याच हातात पैसे ठेवतो, जा, वाटेत खायला घेऊन ये.

इथे मी थांबवलं आणि विचारलं, येईल का परत? "पळणार!" सगळे एकदम. एक मुलगा जो एरवी तोंडच उघडत नाही तो म्हणाला, "मॅडम, साहेबानं मागं माणूस लावला असणार." मुस्तफा सामान घेऊन परत आला तरी हा मानेना, सीन पुन्हा लावायला लावला, मागे कोणी दिसतंय का ते बघायला. कोणीच नव्हतं. मला ते फार लागलं हो, कारण या पोराच्या हातात आजवर कोणी असे पैसे दिलेच नसणार, चोरी झाली की आधी त्याचेच खिसे तपासले गेलेत, आणि आम्हीसुद्धा रिपोर्ट लिहिताना पळून जाईल का हेच आधी बघतो!

शेवटी मुस्तफाचा खून होतो, कम्यूनच्या पोरांनीच बांधलेल्या रेल्वेवरून पहिली गाडी सुटायच्या आदल्या रात्री. पोरं गप्प. कोणीतरी विचारलं, हा अॅक्टर पुढे काय झाला. मी सांगितलं, यिवान किर्ला, रशियातल्या मारी लोकांच्या भाषेतला कवी, १९३७ ला स्टालिनच्या काळात पकडला आणि १९४३ ला कैद्यांच्या कॅम्पातच वारला. "काय चोरलं होतं?" काहीच नाही, म्हटलं.

खरा वाद मात्र झिगानवरून झाला, म्हणजे पोरांना चोरी शिकवणारा आणि मुस्तफाला मारणारा. तोच गप्प मुलगा म्हणाला, "झिगानला पण कोणी पैसे देऊन बघायचे होते ना." बाकीचे त्याच्यावर तुटून पडले, खुनी आहे तो! जेवणाची घंटा झाली तरी भांडण चालूच. मला तो मुलगा बरोबर वाटतो. सिनेमा मला खूप आवडतो, पण झिगानला तो सरळ खलनायक करून मोकळा होतो, त्याच्याही लहानपणी काहीतरी झालंच असेल ना, त्याबद्दल एक सीन नाही.