तुम्ही विचारलंत म्हणून: आर्ट्स घेऊन पुढे काय?

परवा अॅडमिशनच्या काउंटरपाशी एक वडील भेटले, हातात मुलीची बारावीची मार्कशीट, 81 टक्के. म्हणाले, मॅडम, ही बीएला इतिहास घ्यायचा म्हणते, मार्क एवढे चांगले असताना आर्ट्स कशाला, आणि आर्ट्स घेऊन पुढे काय करणार? मी एकोणीस वर्षं इतिहास शिकवतेय आणि हा प्रश्न दर जूनमध्ये येतो, लग्नात जेवणाच्या पंगतीत येतो, एसटीत शेजारी बसलेली बाई पण विचारते. त्या दिवशी मागे रांग होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे सावकाश सांगते.

प्रश्न अगदी रास्त आहे. घरातला पैसा घालून मुलीला तीन-चार वर्षं शिकवायचं तर आईबापाने विचारायलाच हवं. मला वाईट वाटतं ते याचं की इंजिनियरिंगचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे, आमचं कोणी सांगतच नाही.

मी दर गुरुवारी दुपारी मुलांना मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत ती लिपी, शिकवते, सिलॅबसच्या बाहेर, ज्याला यायचं त्याने यावं. पहिल्या तासाला तीसेक मुलं, दिवाळीनंतर नऊ-दहा उरतात, पण त्या नऊ-दहा जणांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं तिला खाली टांगत जायची, हात शक्यतो न उचलता. शब्द तोडलेले नसतात, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणजे वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्यानेच अर्थावरून ओळखायचं. तारीखसुद्धा सरळ नाही. एका कागदावर वर्ष असतं ‘इसन्ने सबैन मया व अलफ’, हे आकड्यांचे अरबी शब्द, दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या कागदांतली कालगणना) 1172, त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला, इंग्रजी वर्षाच्या मधेच, सुरू होतं, म्हणजे इसवी सन 1771-72. हे गणित पहिल्यांदा ज्याचं त्याला सुटतं ना, तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो मला वर्षभर पुरतो. आपल्या पणजोबाच्या हातचा कागद घरात ट्रंकेत पडलाय आणि घरात कोणालाच वाचता येत नाही, आणि एके दिवशी त्याच घरातली मुलगी तो वाचून दाखवते, याची किंमत मला तरी पैशात सांगता येणार नाही.

पण तुम्ही पैशाचंच विचारलं होतं, तर तेही सांगते. माझी एक विद्यार्थिनी बीए, एमए करून गावाकडे क्लास घेत होती. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर जुन्या दफ्तरांत कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि एकदम सगळ्या जिल्ह्यांना मोडी वाचणारी माणसं हवी झाली. आरक्षणाबद्दल ज्याचं त्याचं मत काहीही असो, त्या रजिस्टरांपुढे वकील, कॉम्प्युटरवाले, मोठे अधिकारी सगळे थांबले होते आणि हिला बोलावणं आलं. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये ती कित्येक आठवडे रोज बसली, जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं, कडा झडलेल्या, शाई तपकिरी झालेली. एक अक्षर चुकीचं लागलं तर एका घराचा दाखला अडतो किंवा नको त्याला मिळतो, म्हणून शंका आली की दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, आणि तरी लागलं नाही तर ‘वाचता येत नाही’ असं स्पष्ट लिहायचं. ही शिस्त तिने वर्गात शिकलेली, नाही समजलं तर नाही समजलं म्हणायची. एका संध्याकाळी तिचा फोन आला. प्लेगच्या सालातलं एक पान होतं, एकाच बापाची तीन लेकरं एका महिन्यात गेलेली, एकाखाली एक नोंदी. म्हणाली, मॅडम, मला पुढे वाचवेना, मी थोडा वेळ बाहेर जाऊन बसले आणि मग परत वाचायला घेतलं. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटतो, नेमकं वाचणारीही तीच आणि पान वाचून पोटात तुटलं तीही तीच. ते काम संपलं तरी आता तिच्याकडे लोक जमिनीचे, वतनाचे, वाटणीचे जुने कागद घेऊन येतात, वकीलही पाठवतात, आणि तिचं घर त्यावर चालतं.

अशी कामं प्लेसमेंटच्या यादीत नसतात. म्हणून मी मुलांना सिरीजची मराठी सबटायटल्स कशी होतात, म्युझियममध्ये वस्तूखाली चार ओळी कोण लिहितं, बँकेच्या अॅपमधलं मराठी कोण तपासतं, हे शोधायला लावते. स्पर्धा परीक्षांचं तुम्हाला माहीतच आहे, त्यावर वेगळं बोलत नाही.

पुण्याला दरवर्षी सहल नेते. कौन्सिल हॉलजवळ पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, पेशवे दफ्तर, कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, रुमालच्या रुमाल. मग डेक्कन कॉलेज, तिथे 1948 पासून संस्कृतचा मोठा शब्दकोश चालू आहे, सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्या केल्यात, कपाटांचे खण उघडले की नुसत्या चिठ्ठ्या, बारीक अक्षरात. इतकी वर्षं झाली, इतके खंड निघाले आणि काम अजून ‘अ’मध्येच आहे. मुलं आधी हसतात, मग एखादी चिठ्ठी हातात घेतात आणि गप्प होतात. ज्याने ती लिहिली त्याला ठाऊक होतं की शेवटचा खंड आपण बघणार नाही, तरी एकेक शब्द नीट नोंदवलाय. त्याच डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे शिकवायच्या. त्या 1926 मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या, आणि पुढे माणसांची, नात्यांची, गावांची शास्त्रीय पाहणी करत देशभर हिंडल्या. तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय, हे त्यांनाही कोणीतरी विचारलंच असेल!

आता जे बरं नाही ते पण सांगते, लपवणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं हात आखडता ठेवावा लागतो. प्राध्यापकीच्या वाटेवर नेट-सेट होऊनसुद्धा कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात, सुट्टीत पगार नाही, हा अन्याय आहे आणि मी तो माझ्या आजूबाजूला रोज बघते. म्हणून फक्त प्राध्यापक व्हायचं म्हणून बीए करू नका असं मी पहिल्याच दिवशी सांगते. आणि नुसती पदवी पण पुरत नाही, सोबत हाताला एक काम हवं, मोडी म्हणा, भाषांतर म्हणा, मुलाखत घेऊन ती नीट उतरवणं म्हणा, आणि इंग्रजीची भीती घालवायलाच हवी, यात माझी सूट नाही.

तर त्या वडिलांना एवढंच सांगायचंय, अॅडमिशनची यादी लागेपर्यंत वेळ आहे. मुलीला गुरुवारी दुपारी दोन वाजता इतिहास विभागात पाठवा, तुम्हीही या. घरात जुना कागद असेल तर घेऊन या, घडीवर फाटत असेल तर उलगडू नका, तसाच वहीत ठेवून आणा. टेबल मोठं आहे, आपण तिघं मिळून उघडू.