लिंब ते मेणवली : पाण्याची वाट धरून एक दिवस

सातारा जिल्ह्यातलं लिंब, वाई आणि मेणवली एका दिवसात आरामात होतं. वाटेत जुनं दगडी-लाकडी बांधकाम कसं सांभाळायचं तेही बघू. क्रम मात्र हाच ठेवावा. लिंबची बारा मोटांची विहीर सकाळच्या तिरप्या उन्हात बघायची, कारण डोक्यावर ऊन आलं की भिंतीवरची शिल्पं सपाट दिसतात.

साताऱ्याहून पुण्याकडे पंधराएक किलोमीटर गेल्यावर महामार्ग सोडून आम्ही आत वळलो. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली, असं तिथल्या शिलालेखात आहे. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून चौकोनी भाग, त्यामुळे वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार दिसतो. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. मधल्या भागात चक्क छोटा महाल आहे, खांबांवर हत्ती, घोडेस्वार, मारुती. नाव बारा मोटांचं असलं तरी काठावरची थारोळी पंधरा भरतात. आम्ही दोनदा मोजली. मोट, म्हणजे बैलांनी ओढायची चामडी पिशवी, वर आली की पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत ओतायचं, तिथून पाटाने आमराईत जायचं.

विहिरीत उतरल्यावर शिल्पांआधी दगडांमधले सांधे बघावेत. दगड टिकतो तो सांध्यामुळे. सांध्यातला चुना मऊ असतो, भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं, आणि भिंत जरा हलली तर चुनाच हलतो, दगड फुटत नाही. तिथे सिमेंट भरलं की पाण्याची ही वाट बंद. दगडामागची भर ओलीच राहते, क्षार साठतात आणि पाचसात पावसाळ्यांत भिंतीला पोट येतं. अशी पोट सुटलेली बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहिली की बहुतेक वेळा काठाजवळ सिमेंटचा करडा पट्टा सापडतोच. ‘मजबुतीकरण’ या शब्दाची आम्हाला धास्ती बसली आहे ती यामुळेच.

चुन्याचं काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेला, न विरवलेला चुना, पाण्यात सोडायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, गरम चुना उसळून डोळ्यांत जातो. विरलेला चुना गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून किमान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर मुरू द्यायचा. मग एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग वाळू. ओल सतत असेल तिथे त्यातली निम्मी वाळू काढून भाजलेल्या विटेची सुरखी, म्हणजे भुकटी, घालायची. जुने गवंडी गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालत. गूळ जास्त झाला तर मुंग्या लागतात आणि चुना बसायलाही वेळ लावतो. सांधा रुंदीच्या दुपटीइतका खोल, हाताच्या छिन्नीने मोकळा करायचा. ग्रायंडर लावला की दगडाची कड गेलीच. आत पाणी मारून सांधा ओला करायचा, चुना दाबून भरायचा आणि पुढचे दहा-बारा दिवस ओली गोणपाटं टांगून ठेवायची. हे शेवटचं हमखास टळतं, कारण तोवर मजूर पुढच्या कामावर गेलेले असतात. मग चुना भुगा होऊन गळतो आणि बोल चुन्याला लागतो.

गाळ काढण्यातही एक फसवी घाई असते. उन्हाळ्यात दोन पंप लावून बारव एका दिवसात रिकामी केली की आतलं पाणी भिंतीला देत असलेला आधार जातो, मागची माती मात्र ओली आणि जड राहते. भिंत आत येते. पाणी दिवसाला फूट-दीड फूट उतरवावं आणि जेसीबी काठापासून लांब ठेवावा. गाळ चाळूनच टाकावा, तुटलेली शिल्पं त्यातच असतात. महाशिवरात्रीला आता बऱ्याच बारवांवर दीपोत्सव होतो. देखणा असतो, पण पणतीखाली द्रोण किंवा वाळू ठेवावी. दगडात मुरलेलं तेल निघत नाही.

पाचवडला डावीकडे वळून वाई. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२चं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. मूर्तीचं दर्शन सगळेच घेतात. आम्ही देवळाच्या मागे गेलो. मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फाटून दोन्ही बाजूंनी निघून जातं. घाटांवर पुरानंतर गाळ ओला असतानाच, साध्या पाइपने, वरच्या पायरीपासून खाली धुवावा. वाळला की लोक तारेचा ब्रश नाहीतर ॲसिड घेऊन बसतात. ॲसिडने दगड उजळतो खरा, पण सांध्यातला चुना विरघळून जातो. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईच्या उत्सवाला घाटांवर मांडव पडतात, तेव्हा खांब सांध्यात पहार ठोकून उभे न करता वाळू भरलेल्या पिंपांत रोवावेत.

पिंपळ घाटावरही उगवतो, देवळावरही. बोटभर रोप भर पावसात, भिंत ओली असताना मुळासकट निघतं. मनगटाएवढं झालं की ओढायचं नाही, दगडच बाहेर येतात. नुसतं छाटलं तर पुढच्या वर्षी दुप्पट फुटतं. वीतभर खुंट ठेवायचा, त्यात भोकं पाडून तणनाशक भरायचं, पूर्ण मेल्याची खात्री झाली की दगडांवर खडूने आकडे घालून ते उतरवायचे, मूळ काढायचं आणि त्याच क्रमाने परत बसवायचे.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, सहा चौकांचा, आणि मागे कृष्णेचा घाट. घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली घंटा पोर्तुगीज आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हा सन. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ही एक.

वाड्यात शिरल्यावर आमची नजर खाली, तळखड्यांकडे. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. कितीतरी वाड्यांत मालक सारवणावर आधी शहाबादी, मग त्यावर टाइल्स घालतात. जमीन चार-सहा इंच वर येते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय कुजू लागतो. वाळवी मग येते, दोष तिला मिळतो. दुसरी नाजूक जागा म्हणजे भिंतीत गेलेलं तुळईचं, म्हणजे छताच्या आडव्या लाकडाचं, टोक. वरचं एक कौल सरकलं तरी पाणी नेमकं तिथे झिरपतं. टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. सहज आत गेला तर तुळईला आधी टेकू द्यायचा, मग वरचं छप्पर उघडायचं. उलट केलं की माळा खाली.

भिंतीला भेग दिसली तर लगेच भरू नये. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहायची आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, चुन्याने भरून टाकावी. फुटली तर आधी पाया आणि पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ तपासायची.