विल्यम ॲडम्स कागदावर उतरवताना

विल्यम ॲडम्सवर मराठीत चित्रकादंबरी करायची ठरवली, तेव्हा एका प्रकाशकांनी विचारलं, "जपानमधला इंग्रज खलाशी आपल्याकडे वाचणार कोण?" मी म्हटलं, आधी काढून तर बघतो.

गोष्ट थोडक्यात अशी. 1598 मध्ये रॉटरडॅमहून पाच डच जहाजं निघाली. त्यातलं एकटं 'लीफ्द' एप्रिल 1600 मध्ये जपानच्या बुंगो प्रांतात पोचलं. चोवीसेक माणसं जिवंत, त्यातली पायावर उभी राहू शकणारी मोजकी. त्यांचा सुकाणू सांभाळणारा ॲडम्स पुढे तोकुगावा इएयासूचा, म्हणजे लवकरच जपानचा शोगुन (लष्करी सत्ताधीश) झालेल्या सरदाराचा, सल्लागार आणि जमीनदार झाला.

संहिता लिहिताना अडलं नाही, कारण ॲडम्सची पत्रं आहेत. खरा कस चित्रांत लागला. 'त्याला राजापुढे नेलं' हे लिहायला एक ओळ पुरते. काढायला बसलं की किल्ला कुठला, कोण कसं बसलंय, उजेड कुठून येतोय, सगळं आपल्यालाच ठरवावं लागतं. हा राजा म्हणजे इएयासू, आणि ही भेट ओसाकाच्या किल्ल्यात झाली. फोटो हवे तेवढे मिळतात, पण आज दिसतो तो बुरूज 1931 चा, काँक्रीटचा. ॲडम्सने पाहिलेला किल्ला 1615 च्या लढाईत जळाला. त्यामुळे फोटो बाजूला ठेवले आणि त्या लढाईचं चित्र रंगवलेल्या जुन्या घडीच्या पडद्यावरचा काळा बुरूज घेतला. बसण्याचंही तसंच. गुडघे दुमडून टाचांवर बसणं पुढे रूढ झालं, त्या काळचे सरदार सर्रास मांडी घालून बसत. माझा इएयासू मांडी घालूनच बसलाय, सत्तावन्न वर्षांचा, पोट सुटलेला. ॲडम्सचं समोर बसवून काढलेलं खात्रीचं चित्र नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्याला मोकळीक मिळाली. एवढंच पाळलं की तो पस्तिशीचा आहे आणि उपाशी आहे.

भाषेचं काय करायचं, यावर मात्र बरेच दिवस गेले. सगळेच फर्डं मराठी बोलायला लागले तर प्रसंगातली भीतीच जाते. बुंगोत त्यांची बाजू सांगायला आलेला दुभाषी पोर्तुगीज जेझुइट पाद्री, आणि पोर्तुगीज तर यांना चाचे म्हणत होते. (हे पाद्री आणि व्यापारी गोवा, मलाक्का, मकाव या वाटेने तिथे पोचत, त्यामुळे एका चौकटीत मांडवीकाठ आणता आला. तेवढी हौस भागवली.) ओसाकात आधी नुसत्या खुणा झाल्या, काही कळल्या, काही नाही, असं ॲडम्स लिहितो. पोर्तुगीज जाणणारा माणूस नंतर आला. म्हणून पहिली दोन पानं बिनशब्दांची ठेवली, फक्त हात आणि भुवया. नंतर इएयासूच्या संवादाच्या फुग्यात कुंचल्याचे फटकारे, वाचता न येणारे, आणि मजकूर फक्त दुभाष्याच्या फुग्यात. ॲडम्सला कळतं तेवढंच वाचकाला कळतं. जगाचा नकाशा पसरून तो मॅगेलनची सामुद्रधुनी दाखवतो, इएयासूला ती थाप वाटते, तरी बोलणं मध्यरात्रीपर्यंत चालतं. मग कैद, महिनाभराहून जास्त. रोज वाटायचं, आज क्रुसावर चढवणार.

अक्षरलेखन कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. वरच्या-खालच्या मात्रांमुळे ओळी सुट्या ठेवाव्या लागतात, फुगे फुगतात आणि चित्रं झाकतात. शेवटी संवादच छाटले. बरंच झालं.

जहाजाच्या मागच्या टोकावरचा इरॅस्मसचा लाकडी पुतळा काढताना मजा आली. तो पुढे तोचिगीतल्या एका देवळात नौकांच्या जनकाचा म्हणून पुजला गेला आणि आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डच पंडिताला असा नैवेद्य मिळेल असं कुणाला वाटलं असेल!

सध्या शेवटच्या प्रकरणावर अडलोय. 1613 मध्ये ॲडम्सला मायदेशी जायची परवानगी मिळाली, इंग्रज जहाजही जपानच्या हिरादो बंदरात होतं, तरी तो गेला नाही. इंग्लंडमध्ये बायको आणि मुलगी, जपानमध्ये दुसरा संसार. 1620 मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात दोन्हीकडे निम्मं-निम्मं होतं. मित्र म्हणतात, नायक आहे, सांभाळून घे. मी सांभाळून घेणार नाही. इंग्लंडमधल्या बायकोला पूर्ण पानं देतोय.