मुलुंडचं घर आईच्या नावावर करताना

पन्नाशी ओलांडल्यावर मी निवृत्तीचा हिशेब मांडायला बसले. पीएफ, पीपीएफ, थोडे म्युच्युअल फंड आणि सगळ्यात खाली 'मुलुंडचं घर, निम्मं'. आई त्या घरात राहते, धडधाकट आहे. ते लिहिताना लाज वाटली, पण त्याच भरवशावर मी इतकी वर्षं एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा टाकायची रक्कम, वाढवली नव्हती.

दादाने विचारलं, "घर आहे कुणाच्या नावावर?" बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्यावर, अजून त्यांचंच नाव.

मग ते नाव बदलून घेण्यात चौदा महिने गेले. बाबांनी आईला नॉमिनी, म्हणजे आपल्या मागे सोसायटीने जिला ओळखायचं अशी व्यक्ती, नेमलं होतं, शिक्क्याची पोच आमच्याकडे होती. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये मात्र नोंदच नाही. "नोंद नाही म्हणजे नॉमिनेशन नाही," सेक्रेटरी म्हणाले. ऑफिस उघडं फक्त रविवारी दोन तास. एका रविवारी मृत्यूचा दाखला नोटरी करून आणा, पुढच्या रविवारी इन्डेम्निटी बाँड (पुढे दावा आला तर भरपाईची हमी), मग कमिटीची मीटिंगच झाली नाही, शेवटी कोर्टातून वारस दाखला आणा. मी ठाण्याहून यायचे आणि तशीच परत जायचे. आई ८१ वर्षांची. एकदा जिना उतरताना म्हणाली, "माझ्याच घरात मी कोण गं?" तो राग अजून उतरलेला नाही.

तोंडी उत्तरांवर विसंबले ही माझी चूक. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला आलेलं कलम १५४ब-१३ वकिलांनी दाखवलं. मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी आपसात केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यांपैकी कशावरही सोसायटीला नाव बदलावं लागतं. नॉमिनी तोवर तात्पुरता सभासद असतो, मालक नव्हे. हे पहिल्याच रविवारी कळायला हवं होतं.

बाबांच्या मागे आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा होता. आम्ही दोघांनी आपला हिस्सा सोडून आईच्या नावे हक्कसोडपत्र केलं. दुय्यम निबंधकाकडे एका सकाळीत काम झालं. लेखी अर्जाला तो दस्त जोडला आणि पुढच्याच मीटिंगमध्ये सर्टिफिकेटवर आईचं नाव चढलं. वारसांच्या नावे करताना ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे हस्तांतरासाठी सोसायटी घेते ती रक्कम, लागत नाही. आमच्याकडे मागितला होता, दिला नाही.

त्याच दिवशी आईने करायच्या नॉमिनेशनचे तीन फॉर्म भरले आणि रजिस्टरमधली नोंद समोर उभं राहून बघितली.

घर आता पूर्ण तिचं आहे. विकावं, ठेवावं, आजारपणात मोडावं, तिची मर्जी. माझ्या हिशेबातून ते मी खोडलं आणि एसआयपी जवळजवळ दुप्पट केली. दर महिन्याला ओढाताण होते, पण आईचं वय आणि माझी निवृत्ती आता एका कागदावर नाहीत.

आणि हो, मूळ शेअर सर्टिफिकेट आधी शोधून ठेवा. आमचं बाबांच्या जुन्या एलआयसीच्या फाईलमध्ये सापडलं.