पाण्याला न हटणारी शाई

तो सर्फबोर्ड चित्रावर रेझिनचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा, थर चढवायला माझ्याकडे आला तेव्हा ते चित्र काढून तयार होतं. तळाच्या बाजूला निळ्या-हिरव्या रंगांतलं मोठं कासव आणि मागच्या टोकाशी जाड काळ्या अक्षरांत चित्रकर्तीचं नाव. ती असेल दहा वर्षांची, वडिलांबरोबर आली होती. "काका, पाण्यात पुसलं नाही ना जाणार?" एवढंच तिने विचारलं. "नाही गं, म्हणून तर माझ्याकडे आणलंय," असं मी तिला सांगून टाकलं.

वडिलांनी तयारी मन लावून केली होती. चित्रासाठी तळाची बाजू निवडली हेही बरोबर, कारण वरच्या बाजूला पाय घसरू नयेत म्हणून मेण घासावं लागतं आणि मग चित्र झाकलं जातं. चित्राआधी त्यांनी जुन्या मेणाचा कण न् कण खरवडून काढला होता, ३२० च्या पॉलिश पेपरने चकाकी उतरवली होती. मेणाचा हात लागलेला बोर्ड मी अंगठा फिरवून ओळखतो. तिथे रेझिन टिकत नाही, मागे सरकतं आणि वाटोळे खड्डे पडतात. इथे तसलं काही नव्हतं.

मग मी नेहमीप्रमाणे ओलसर फडकं चित्राच्या कडेला टेकवलं. हिरव्याचा अगदी पुसट डाग फडक्यावर आला. ते अपेक्षितच होतं. अ‍ॅक्रिलिकचे पेन पाण्यावर चालतात, आणि गुळगुळीत रेझिनवर तो रंग सील होईपर्यंत नाजूकच असतो. काळा मात्र जरासुद्धा हलला नाही. हा पक्का आहे, असं मी धरून चाललो. चूक झाली ती इथे.

मास्क चढवला आणि रेझिनआधी रंग जागी धरणाऱ्या पारदर्शक क्लिअर स्प्रेचा पहिला हात मारला. हा हात धुक्यासारखा उडता हवा, ओला नको, हे मी शिकाऊ मुलांना रोज सांगतो. कासवाच्या पाठीवर तसाच मारला. डोक्याकडे आणि नावाकडे मात्र, काळा पक्का म्हणून, हात जरा सढळ सुटला.

आधी नावाची कडा मऊ झाल्यासारखी वाटली. मी दिवा जवळ ओढला. कासवाच्या डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याभोवती, पांढऱ्या रंगात, एक जांभळी वर्तुळाकार रेघ उमटत होती. केसाएवढी. बघता बघता ती दोरीएवढी झाली. शाई पांढऱ्यात शिरत होती आणि मी स्प्रे हातात धरून नुसता उभा होतो. ओल्या क्लिअरला बोट लावलं असतं तर आणखी फरफटलं असतं.

डोळा आणि नाव, दोन्ही तिने पर्मनंट मार्करने काढलं होतं. अ‍ॅक्रिलिकच्या पेनात रंगाची पूड असते. पाणी उडून गेलं की ती जागची हलत नाही. मार्करमध्ये अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळलेला रंग असतो. त्याला पाणी काही करू शकत नाही, पण स्प्रेमधला थिनर मिळाला की तो पुन्हा सुटतो. काळी शाई दोन-तीन रंगांची मिळून केलेली असते. त्यातला जांभळा सगळ्यात पुढे धावला, बाकीचे मागे राहिले. शाळेत टीपकागदावर शाईचे रंग वेगळे करून बघतात, तेच इथे एका मुलीच्या चित्रावर चाललं होतं. माझी फडक्याची परीक्षाच अपुरी होती. कापसाच्या काडीला थोडं अल्कोहोल लावून नावाच्या टोकाला टेकवलं असतं, तर दहा सेकंदांत कळलं असतं.

वडिलांना लगेच फोन केला. "तुमच्या मुलीचं चित्र माझ्या हातून बिघडलंय, तिला घेऊन उद्या या," म्हणालो. ते काही बोलले नाहीत, मग "येतो" म्हणाले. तो फोन मला फार जड गेला.

दुसऱ्या दिवशी क्लिअर कडक झाल्यावर नाव आणि डोळा तेवढा उघडा ठेवून बाकी सगळं टेपने झाकलं. ४०० च्या वॉटर पेपरने, पाणी सोडत, हळूहळू उतरवत गेलो. जांभळा खोल उतरला होता. बोर्डाच्या रेझिनखालच्या काचेच्या कापडाची वीण दिसायच्या जरा आधी थांबलो. ती शेजारी उभी राहून बघत होती. पुसून कोरडं झाल्यावर मी तिच्या हातात काळा अ‍ॅक्रिलिक पेन दिला. डोळा तिने पहिल्यापेक्षा मोठा केला. नाव लिहिताना ओठ दाताखाली धरले होते.

ते रात्रभर वाळू दिलं. मग खरोखर उडते असे तीन हात, प्रत्येकामध्ये पुरेसा वेळ. क्लिअर कडक झाल्यावर वरवर घासलं आणि संध्याकाळी इपॉक्सी रेझिन ओतलं. दुसऱ्या प्रकारच्या, पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिन या द्रावकाची जोखीम या चित्रावर घ्यायची नव्हती. रबरी पट्टीने पातळ पसरवलं, कडेचा टेप रेझिन ओलं असतानाच ओढून काढला. पहिला तास मी बोर्डाजवळून हललो नाही. काळी रेघ जागच्या जागी होती.

पूर्ण आठवडा बोर्ड दिला नाही. न्यायला आले तेव्हा वडिलांचं बोट धरून नावाजवळ फिरवलं. तिथे मी जास्त घासल्यामुळे उथळ खोलगट जागा राहिली आहे. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. "ही माझी," म्हटलं. मुलीनेही तिथे बोट फिरवून बघितलं, आणि बोर्ड काखेत मारून निघाली.