तुम्ही कुणाचे?

पुण्यात वाकडच्या एका इमारतीत बाराव्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षे राहिलो. शेजारच्या सदनिकेतील गृहस्थांचे नाव मला त्यांच्या दारावरच्या पाटीवरून ठाऊक होते, परिचय तेवढाच. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. त्यांनाही माझे नाव तसेच कळले असणार. पण मुलगी पाच वर्षांची झाली आणि लिफ्टमध्ये कोणी सहज चौकशी केली तरी माझ्या मागे दडू लागली, तेव्हा पत्नी म्हणाली की हिला माणसांची सवयच राहिलेली नाही. त्याच सुमारास पत्नीला बेळगावात नोकरी मिळाली, माझे हिशेब तपासण्याचे काम घरी बसून होण्यासारखे होते, आणि मुलांना वाढवायला लहानसे, माणसांत माणूस असलेले गाव शोधायचे असे आम्ही ठरवले.

बेळगाव हे माझे जन्मगाव. त्यामुळे आधी शहापूर आणि टिळकवाडी पाहून झाली. परंतु जिथे माझे बालपण गेले त्या बोळातल्या निम्म्या घरांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत, आणि पुण्याचेच जिणे इथे आणून जगण्यात अर्थ नव्हता. पत्नी गडहिंग्लजची असल्याने तिचा ओढा निपाणीकडे होता. निपाणी महामार्गावरची, तंबाखूच्या व्यापारावर वाढलेली, कोल्हापूर तिथून चाळीसेक किलोमीटर. पण बेळगाव पाऊणशेच्या घरात, म्हणजे रोजचे येणेजाणे अशक्य. चंदगडचाही विचार झाला, कारण तिथे सरकारी कागद मराठीत हाती पडतात आणि सीमाभागात वाढलेल्या माणसाला हा मोह किती मोठा असतो ते सांगायला नको. मात्र पावसाळ्यातल्या त्या रस्त्याने पत्नीने रोज जावे असे मला वाटेना. उरले खानापूर. बेळगावपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर, मिरज-लोंढा लोहमार्गावरचे स्थानक, गोव्याच्या महामार्गावरच्या बसगाड्या, आणि कडेने मलप्रभा. शिवाय माझ्या आईचे माहेर याच तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला.

घर पाहायला आम्ही मुद्दाम जुलैत गेलो. हिवाळ्यात कोणतेही गाव देखणे दिसते. ज्या कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तो पट्टा फार मोठ्या पावसाचा, आणि त्याची झड खानापूरपर्यंत पोचतेच. त्या दिवशी पाऊस असा लागला होता की छत्री असून नसल्यासारखी. एका किराणा दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही चौघे अंग चोरून उभे असताना आतल्या पोत्यावर बसलेल्या आजींनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "तुमी कुणाचे म्हणायचं?"

मी माझे नाव सांगितले. त्यांनी मान हलवली. नाव नको होते. मी आईच्या माहेरचे आडनाव आणि गाव सांगितले, तेव्हा त्यांनी आईच्या थोरल्या मामांपासून सुरुवात केली, त्यांच्या बैलजोडीपर्यंत आल्या, मध्येच आत हाक मारून चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत दोन भाड्याची घरे सुचवून झाली होती. त्यांतल्याच एका घरात आम्ही आज राहतो. कौलारू, पुढे सोपा, मागे न्हाणी आणि परसात फणस.

हा प्रसंग मी अनेकांना कौतुकाने सांगतो, पण त्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अर्धसत्य ठरेल. "कुणाचे?" या प्रश्नात आपुलकी असते तशी चाळणीही असते. मला चहा मिळाला तो माझ्या मामांमुळे. ज्याचे मामा या तालुक्यात नाहीत, किंवा ज्याचे आडनाव ऐकून समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, त्याला हेच गाव बरेच दिवस पत्र्याखाली उभे ठेवते. पत्नीच्या एका सहकारी बाईंना तीन घरे "आत्ताच दुसऱ्याला दिली" असे सांगण्यात आले आणि ती तिन्ही घरे पुढे महिनाभर रिकामीच होती. घट्ट विणीच्या गावाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही वीण कोणाला बाहेर ठेवते तेही पाहावे.

विणीचा काच आम्हालाही बसला. मी दुपारी सोप्यात लॅपटॉप घेऊन बसतो. पंधरा दिवसांत माझी पुण्याची नोकरी सुटल्याची वार्ता गल्लीभर झाली. एक काका संध्याकाळी येऊन "दिवस सारखे राहत नाहीत" असे म्हणून गेले, तर दुसऱ्यांनी एका पतसंस्थेत कारकुनाची जागा माझ्यासाठी बोलून ठेवली होती. त्यांना नकार देताना मला जेवढा संकोच वाटला तेवढा मुलाखतीत नाकारले गेल्यावरही कधी वाटला नव्हता. पत्नीने त्यांना घरून काम म्हणजे काय ते समजावले, त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे पगार देतात काय?"

शाळेचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले आहे, आणि 2015 च्या कायद्याने कोणत्याही माध्यमाच्या शाळेत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने आली आहे. आम्ही मुलीला मराठी माध्यमात घातले. पुण्याच्या मित्रांना हे वेडेपणाचे वाटले. इंग्रजी बुडेल, पुढे अडेल, वगैरे. माझे मत असे की घरात, गल्लीत आणि वर्गात एकच भाषा असली की मूल निदान प्रश्न विचारायला घाबरत नाही, आणि बाकीच्या भाषा ते खेळता खेळता उचलते. मला स्वतःला कन्नड बोलता येते पण वाचताना धाप लागते. भाडेकराराचा कागद आला तेव्हा तो मला समोरच्या निवृत्त मास्तरांकडून वाचून घ्यावा लागला. हे मास्तर मूळचे धारवाडकडचे, घरात कन्नड बोलणारे. माझी मुलगी दिसली की ते "ऊट आयता?" म्हणून विचारतात आणि ती "आयतु" म्हणून पुढे पळते. हाच प्रश्न अलीकडच्या ओट्यावरून तिला "जेवलीस काय गं?" असा पुन्हा एकदा विचारला जातो. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस का, हे तिला समजावून सांगणे मला अजून नीट जमलेले नाही. मास्तरांनाही ते अवघडच वाटते, असे त्यांनीच एकदा सांगितले.

बाकीच्या अडचणी सांगून संपण्यासारख्या आहेत. पावसात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला. मोठ्या दुखण्याला बेळगाव गाठावे लागते. दहावीनंतर मुले आरपीडी, गोगटे अशा बेळगावच्या कॉलेजांत जातात आणि शिकून झाली की त्यांतली बरीच पुण्याला किंवा गोव्याला निघून जातात. आम्ही उलट्या दिशेने आलेले, म्हणूनच कदाचित लोकांना आमचा संशय आला असावा.

मे महिन्यात कौले चाळायची वेळ आली. मी माणूस शोधू लागलो तर घरमालकांनी सांगितले की गल्लीत ओळीने सगळ्यांचीच कौले चाळली जातात, तुमचा नंबर गुरुवारी. गुरुवारी सकाळी दोघेजण छपरावर चढले, फुटकी कौले खाली देऊ लागले, आणि नवी कौले वर पोचवायला खाली गल्लीतल्या माणसांची रांग लागली. मीही रांगेत होतो. कौल घ्यायचे कसे, हेही मला येत नव्हते. काठाने धरले तर हात सोलतो, खालून तळव्यावर तोलायचे असते. तासाभरात माझे तळवे लाल मातीने रंगले. पतसंस्थेतली जागा बोलून ठेवणारे काका माझ्या शेजारीच होते आणि त्यांनी त्या दिवशी माझ्या पगाराचा विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात मुलीला प्रथमच एकटीला किराणा दुकानात पाठवले. मी अंतर ठेवून मागे गेलो, हे तिला माहीत नाही. आजी पोत्यावरच होत्या, पण बाजूला परगावचे कोणी पाहुणे बसले होते आणि त्यांनी तिला विचारले, "कुणाची गं तू?" पुण्यात आम्ही तिच्याकडून पूर्ण नाव, इमारत आणि सदनिका क्रमांक घोकून घेतला होता, हरवली तर उपयोगी पडावा म्हणून. ती दडली नाही. तिने पाहुण्यांकडे पाहिले, मग आजींकडे बोट केले आणि म्हणाली, "ह्यांना विचारा की." आणि गुळाचा खडा तोंडात टाकून पिशवीची वाट पाहत उभी राहिली.